मॅनेजरचा हंगाम मोजायचा कसा?

मार्च २०२४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सच्या मिचेल स्टार्कने आयपीएलच्या पहिल्या दोन सामन्यांत आठ षटके टाकली, शंभर धावा दिल्या आणि एकही बळी घेतला नाही. हैदराबादविरुद्ध ५३, बेंगळुरूविरुद्ध ४७. लिलावात त्याच्यावर २४ कोटी ७५ लाख रुपये लागले होते, त्यामुळे ओरडही त्याच मापाची झाली. पुढे २६ मेला चेन्नईत अंतिम सामन्यात त्याने तीन षटकांत १४ धावा देऊन दोन बळी घेतले आणि तोच सामनावीर ठरला. आता प्रश्न असा: फँटसी लीगमध्ये ज्या मॅनेजरने स्टार्कला घेतले आणि त्या दोन सामन्यांनंतर वैतागून काढून टाकले, त्याच्या हंगामाचा आढावा घेताना त्या निर्णयाला किती गुण द्यायचे?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. शेवटी काय झाले हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्यामुळेच आढावे बिघडतात. जिंकलेल्याचे सगळे शहाणपण ठरते, हरलेल्याचे सगळे चुकलेले. खऱ्या मैदानावरच्या कर्णधाराबद्दल असे लिहिले तर निदान वाद होतो. कागदावरच्या किंवा मोबाइलवरच्या संघाच्या मॅनेजरचा मात्र गुणतक्त्यातला क्रमांक पाहून निकाल लावला जातो आणि विषय तिथेच संपतो. ही पद्धत अन्यायाची आहे आणि आळशीपणाचीही.

फँटसीच्या या खेळाची मुळे बेसबॉलमध्ये आहेत. अमेरिकेत हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा पत्त्यांचा आणि फाशांचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड आणि त्यावर त्याच्या खऱ्या हंगामातल्या आकड्यांवरून बेतलेले स्तंभ. तीन फासे टाकायचे. एका फाशावर एक, दोन किंवा तीन आले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर बघायचा. चार, पाच, सहा आले तर गोलंदाजाच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या स्तंभातली ओळ दाखवते. म्हणजे कितीही मोठा फलंदाज घेतला तरी निम्म्या वेळा त्याचे नशीब समोरच्याच्या कार्डावर लिहिलेले असते. मॅनेजरच्या हातात राहते ते एवढेच: कोणाला घ्यायचे, कोणत्या क्रमाने खेळवायचे, गोलंदाज कधी बदलायचा.

पुढची पायरी १९८० ची. पत्रकार डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात बसून ठरवले की जुने हंगाम पुन्हा खेळण्यापेक्षा चालू हंगामातले खरे खेळाडू लिलावात घ्यायचे आणि त्यांच्या रोजच्या कामगिरीवर आपला संघ चालवायचा. आजची सगळी फँटसी क्रीडा, क्रिकेटसकट, त्या टेबलावरून उठून आलेली आहे. त्याच सुमारास बिल जेम्स हा कॅन्ससमधल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम करता करता बेसबॉलचे आकडे उलटेपालटे करून पाहत होता. १९७७ पासून त्याने स्वतःच छापलेल्या पुस्तिकांमधून एक साधा विचार मांडत नेला: संघाने किती सामने जिंकले यापेक्षा किती धावा केल्या आणि किती दिल्या, यावरून त्या संघाची खरी ताकद अधिक नीट कळते.

याचा नमुना म्हणून २०१२ चा बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ घेता येईल. १६२ सामन्यांत त्यांनी ७१२ धावा केल्या आणि ७०५ दिल्या. सात धावांचा फरक म्हणजे अगदी मध्यम संघ. तरी त्यांनी ९३ सामने जिंकले, कारण एका धावेने सुटलेल्या सामन्यांत त्यांचा हिशेब २९ विजय आणि ९ पराभव असा होता. त्या वर्षी त्यांच्या मॅनेजरची वाहवा झाली. पुढच्या वर्षी तोच मॅनेजर, बहुतेक तेच खेळाडू. एका धावेच्या सामन्यांत २० विजय आणि ३१ पराभव. संघ ८५ विजयांवर आला. दोन्ही वर्षांत मॅनेजरची अक्कल बदलली नव्हती, काठावरचे सामने कोणत्या बाजूला पडतात ते बदलले होते.

आपल्याकडे अशा कागदी खेळाचे बाळरूप प्रत्येक शाळेत होते. पुस्तक उघडायचे, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा, शून्य आला की बाद. बुक क्रिकेटमध्ये मॅनेजरला करण्यासारखे काहीच नव्हते, सगळा कारभार पानांचा. खरा मॅनेजर आला तो फँटसी क्रिकेटबरोबर. २००८ मध्ये मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ‘ड्रीम इलेव्हन’ सुरू केले आणि दहा-बारा वर्षांत ‘टीम लावणे’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. शंभर क्रेडिटमध्ये अकरा खेळाडू बसवायचे, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. नाणेफेक झाली, अंतिम अकरा जाहीर झाले की शेवटच्या काही मिनिटांत बदल करायचे. ही मिनिटे सोलापूरच्या पार्क चौकात जशी गेली तशीच होटगीतही गेली.

होटगी हे सोलापूरच्या आग्नेयेला असलेले जंक्शन. वाडीकडे जाणारी आणि विजयपूरमार्गे गदगकडे जाणारी अशा दोन वाटा इथे फुटतात. पंचक्रोशीत सिमेंटचा कारखाना आहे, फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. पाळीवर जाणारी, गाडीची वाट बघणारी, मराठी-कानडी दोन्ही सहज बोलणारी तरुण मंडळी आणि हातात मोबाइल. फँटसी क्रिकेटला याहून अनुकूल जमीन कुठली असणार? हंगामाच्या आढाव्याची पद्धत तपासायलाही हेच ठिकाण योग्य. समजा, इथल्या दहा मित्रांनी २०२४ च्या आयपीएलवर आपसांत बिनपैशांची लीग खेळली. लिलाव करून खेळाडू वाटून घेतले. चौदा फेऱ्या, दर फेरीत एकाची एकाशी गाठ, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. त्यातल्या एका मॅनेजरने पाच फेऱ्या जिंकल्या, नऊ हरल्या आणि तो आठवा आला. हा मॅनेजर आणि त्याचे आकडे उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. त्याच्या संघातले खेळाडू आणि त्यांची कामगिरी खरी.

गुणतक्ता म्हणतो, आठवा. पण चौदा ही संख्याच फसवी आहे. ज्याची प्रत्येक फेरी जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी आहे, असा पूर्णपणे सरासरी मॅनेजर घेतला तरी चौदापैकी नऊ किंवा अधिक फेऱ्या जिंकण्याची शक्यता सुमारे २१ टक्के असते. पाच किंवा कमी जिंकण्याचीही तेवढीच. म्हणजे दहा जण अगदी सारख्याच कुवतीचे असते, तरी त्यांतले दोघे ‘भारी’ आणि दोघे ‘भंगार’ ठरले असते. बेसबॉलच्या १६२ सामन्यांतही सरासरी संघ निव्वळ योगायोगाने ७५ ते ८७ विजयांच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. चौदा फेऱ्यांवर माणसाची परीक्षा घ्यायची तर केवळ जय-पराजय बघून चालणार नाही.

म्हणून पहिली तपासणी अशी करावी: दर फेरीत त्याचे गुण फक्त त्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याशी न ताडता उरलेल्या नऊही जणांशी ताडायचे. चौदा फेऱ्या गुणिले नऊ, म्हणजे १२६ तुलना. आपल्या मॅनेजरने त्यांतल्या ७४ जिंकल्या असतील, तर ते प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्या हिशेबाने त्याच्या वाट्याला चौदापैकी आठ विजय यायला हवे होते. तीन विजय त्याला वेळापत्रकाने दिले नाहीत. काही फेऱ्यांत त्याने चांगले गुण केले, तरी समोरच्याने त्याहून चांगले केले. यात त्याचा दोष शून्य. एकूण गुणांत तो दहांत तिसरा आहे, ही गोष्ट गुणतक्ता सांगतच नाही. अशी बेरीज करायला संध्याकाळचा एक तास आणि एक वही पुरते, तरी ती कोणी करत नाही.

नशिबाचा वाटा असा बाजूला काढला की मग निर्णयांकडे वळता येते आणि इथे मॅनेजरला सूट देण्याचे कारण नाही. स्टार्कचेच घ्या. दोन सामन्यांनंतर त्याला काढणे हा खराब निर्णय होता, पण तो पुढे अंतिम सामन्यात चमकला म्हणून नव्हे. त्या दिवशी जे ठाऊक होते त्यावरूनच तो खराब होता. स्टार्क २०१५ नंतर पहिल्यांदाच आयपीएल खेळत होता, सरावाला वेळ लागणार हे उघड होते. २४ कोटी ७५ लाख मोजलेला गोलंदाज कोलकाता दोन सामन्यांवरून बाहेर बसवणार नव्हते, म्हणजे त्याची षटके पक्की होती. आणि पॉवरप्ले व शेवटची षटके टाकणाऱ्यालाच बळींची संधी जास्त मिळते. एवढे माहीत असताना आठ षटकांवर निकाल देणे ही घाई. शेवटी त्याचे १७ बळी झाले. ते दहाच झाले असते, तरी शेरा हाच राहिला असता.

याच्या उलटचे उदाहरण त्याच संघात आहे. सुनील नारायणला बहुतेकांनी गोलंदाज म्हणूनच धरले होते. त्या हंगामात कोलकात्याने त्याला पुन्हा सलामीला पाठवले. २९ मार्चला बेंगळुरूत त्याने २२ चेंडूंत ४७ केल्या, ३ एप्रिलला विशाखापट्टणमला दिल्लीविरुद्ध ३९ चेंडूंत ८५. हंगामअखेर ४८८ धावा आणि १७ बळी. आपल्या मॅनेजरने २९ मार्चच्या रात्रीच त्याला अदलाबदलीत मागून घेतले असेल, तर ती हंगामातली त्याची सर्वांत मोठी कमाई. तिचे श्रेय ४७ धावांना द्यायचे नाही. सलामीला पाठवणे हा संघाचा ठरलेला डाव आहे, एकदाची गंमत नाही, हे त्याने ओळखले, त्याला ते श्रेय. एका खेळीवर भुलणे आणि एका बदललेल्या भूमिकेचा अंदाज घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्ही निर्णय एका सामन्यानंतरच घेतले जातात, बाहेरून सारखेच दिसतात. म्हणूनच मॅनेजरने त्या वेळी काय विचार केला होता ते कुठेतरी लिहून ठेवलेले हवे.

जेक फ्रेझर-मॅकगर्कची गोष्ट या फरकावर आणखी प्रकाश टाकते. २०२४ मध्ये तो दिल्लीकडे बदली खेळाडू म्हणून आला आणि नऊ डावांत ३३० धावा केल्या, त्याही २३४ च्या स्ट्राइक रेटने. पुढच्या लिलावात दिल्लीने त्याला नऊ कोटींना परत घेतले. २०२५ मध्ये सहा डावांत त्याच्या बॅटमधून ५५ धावा निघाल्या. इथे दिल्लीच्या व्यवस्थापनाला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण नऊ डावांचा पुरावा नऊ कोटींना पुरेसा आहे का, हा प्रश्न लिलावाच्या दिवशीही विचारता येत होता आणि फँटसीतल्या ज्या मॅनेजरने तो विचारून हात आखडता घेतला, त्याचा हंगाम कितव्या क्रमांकाने संपला हे न बघताही त्याला शाबासकी द्यायला हरकत नाही.

कधी कधी तोटा ठरवून पत्करलेला असतो. मुंबई इंडियन्सने २०२२ च्या लिलावात जोफ्रा आर्चरला आठ कोटींना घेतले तेव्हा तो त्या वर्षी खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत होते. त्या वर्षी मुंबई दहाव्या क्रमांकावर राहिली आणि २०२३ मध्ये आर्चर पाचच सामने खेळू शकला. डाव फसला, यात शंका नाही. पण त्या एका वर्षाचा आढावा घेताना ‘आठ कोटी वाया’ असे लिहिणे चूक होते. ती गुंतवणूक त्या वर्षासाठी नव्हतीच. खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात अशा लीगमध्ये मॅनेजरचा एक हंगाम सुटा काढून मोजता येत नाही.

पावसाचे काय? १३ मे २०२४ ला अहमदाबादला, १६ मेला हैदराबादला, १९ मेला गुवाहाटीला एकही चेंडू न पडता सामने रद्द झाले. त्या त्या दिवशी ज्याचा कर्णधार कोलकात्याचा किंवा गुजरातचा होता, त्याला भोपळा. हे मॅनेजरच्या खात्यात धरायचे नाही. मात्र आठवडाभर पावसाचा अंदाज वर्तवला जात असेल आणि तरीही त्याने पर्याय बघितला नसेल, तर धरायचे.

आपल्या माणसांचा मोह हा यातला सर्वांत नाजूक भाग. सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा काढून गेला, त्यांत तेरा षटकार, आणि वर चार बळी. लखनौने त्याला २० लाखांत घेतले तेव्हा जिल्ह्याला झालेला आनंद खरा होता. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे ५ मार्च २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात बॅटवर धोनीचे नाव आणि सात आकडा लिहून उतरली आणि यूपी वॉरियर्ससाठी ४३ चेंडूंत ५३ धावा केल्या. तो सामना ग्रेस हॅरिसने २६ चेंडूंत नाबाद ५९ करून जिंकून दिला. सोलापूरच्या मॅनेजरने त्या दिवशी किरणला संघात घेतले असेल तर ते अभिमानाने आणि हिशेबानेही बरोबर. अर्शीनला मात्र २०२४ मध्ये बहुतेक सामन्यांत लखनौच्या अकरांत जागा मिळत नव्हती, तेव्हा आठवड्यामागून आठवडा त्याच्यासाठी संघातली एक जागा अडवून ठेवणे हा प्रेमाचा खर्च आहे. मित्रांच्या लीगमध्ये तो खर्च करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. आढाव्यात तो खर्च म्हणून नोंदवला पाहिजे, एवढेच.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही, पण लीग चालवणाऱ्या कुणालाही विचारले तर तो आधी तीच सांगेल: मॅनेजर शेवटपर्यंत हजर होता का? सहा फेऱ्या हरल्यावर संघ लावणेच सोडून देणारा माणूस स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय उरलेल्या फेऱ्यांत त्याच्याशी गाठ पडलेल्यांना फुकटचे विजय वाटतो आणि ज्यांची गाठ आधीच होऊन गेली त्यांच्यावर अन्याय करतो. आपल्या आठव्या क्रमांकाच्या मॅनेजरने चौदाव्या फेरीतही जखमी खेळाडू बदलला असेल, तर ते त्याच्या हंगामातले ठळक अक्षरांत लिहिण्यासारखे काम आहे. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरले होते. त्या वर्षीचा करंडक त्यांनीच उचलला.

या सगळ्या चर्चेवर गेली काही वर्षे एक सावली होती, पैशांची. फँटसी क्रिकेट हे कौशल्य की जुगार, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हनच्या खेळात कौशल्याला प्राधान्य आहे असे मानले. निकालांतला तर्क चुकीचा नव्हता. खेळाडू निवडायला अभ्यास लागतोच. पण कौशल्य दिसायला लांबचा हंगाम लागतो आणि बाजारात विकला जात होता तो एका सामन्याचा डाव. लाखो स्पर्धकांच्या ‘ग्रँड लीग’मध्ये एका रात्रीत पहिले येण्यासाठी अभ्यासापेक्षा योगायोगच जास्त जुळून यावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषकाच्या इंग्लंड-बांगलादेश सामन्यावर पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाने दीड कोटी रुपये जिंकले आणि पाठोपाठ त्यांचे निलंबन झाले. दीड कोटींची बातमी गावोगाव पोचली. हरलेल्यांची बातमी होत नाही, ती घराघरांत मुरते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजुरी, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचे त्यांचे नावही गेले. ज्या घरांत पगार पहिल्या आठवड्यात ‘टीम’वर जात होता, त्यांच्यासाठी हा निर्णय योग्यच झाला. त्याचा आणखी एक परिणाम मोलाचा आहे. पैशांच्या स्पर्धेत आज रात्रीचा सामना संपला की सगळे संपत होते. जिंकलो की हरलो, एवढाच आढावा. मित्रांच्या बिनपैशांच्या लीगमध्ये हंगाम पुन्हा दोन महिन्यांचा झाला आहे आणि त्यातून मागे वळून पाहण्यासारखे काही उरते.

बेसबॉलच्या सिम्युलेशनवाल्यांकडे एक साधन आहे जे क्रिकेटवाल्यांकडे अजून रुळलेले नाही. ‘आउट ऑफ द पार्क’सारख्या संगणकीय खेळात तोच संघ, तेच निर्णय ठेवून हंगाम पुन्हा पुन्हा खेळवता येतो. शंभर वेळा खेळवला आणि साठ वेळा संघ पहिल्या तिघांत आला, तर प्रत्यक्षातला आठवा क्रमांक किती किमतीचा ते लगेच कळते. २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेतला हंगाम खोळंबला, तेव्हा स्ट्रॅट-ओ-मॅटिकने रोजचे सामने असेच खेळवून निकाल प्रसिद्ध केले होते. क्रिकेटमध्ये खेळपट्टी, नाणेफेक, दव यांमुळे हे काम अवघड आहे, अशक्य नाही. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी प्रकल्प म्हणून घ्यावे असे हे काम आहे.

तोवर वही पुरे. दर फेरीला तीन नोंदी: कोणता निर्णय घेतला, त्या वेळी काय माहीत होते, आणि दुसरा पर्याय कोणता होता. निकाल चौथ्या रकान्यात, आणि तोही फेरी संपल्यावरच. होटगीच्या त्या आठव्या मॅनेजरचा निवाडा अशा वहीवरून करायचा तर तो असा होईल: लिलाव चांगला, नारायणचा सौदा हंगामातला उत्तम, स्टार्कला सोडणे ही घाई, अर्शीनची जागा प्रेमापोटी, शेवटच्या फेरीपर्यंत हजेरी पूर्ण, वेळापत्रकाने तीन विजय खाल्ले. दहांत तिसरा. पुढचा लिलाव मांडण्याआधी आपापल्या लीगमध्ये हा हिशेब प्रत्येकाने एकदा करावा आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवावा.